दोनशे वर्षांचे कोठार, चारशे वर्षांची बाग
शातो दीकेम : स्थापना, वाटचाल आणि आजचे काम

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून गारोन नदीच्या अंगाने आग्नेयेला साधारण चाळीस किलोमीटर गेले की सोतेर्न नावाचे खेडे लागते. त्याच्या शिवारातल्या सर्वांत उंच टेकडीवर गोल बुरुजांची एक जुनी गढी आहे आणि तिच्या चारही उतारांवर द्राक्षबाग. ही इकेमची गढी, शातो दीकेम. फ्रेंच भाषेत 'शातो' म्हणजे गढी. बोर्दोकडे मात्र गढी, बाग, कोठार आणि तिथला सगळा कारभार मिळून हा एकच शब्द वापरतात. जेवणाच्या शेवटी छोट्या पेल्यातून घ्यायची गोड, सोनेरी वाइन इथे तयार होते आणि त्या जातीच्या वाइनमध्ये तिला पहिला मान आहे.

इकेमचे पिंपांचे कोठार १८२६ मध्ये बांधले गेले. २०२६ मध्ये त्याला दोनशे वर्षे होत आहेत. त्या निमित्ताने संस्थेचा हा इतिहास वाचकांपुढे ठेवत आहोत. आरंभीच एक गोष्ट नोंदवून ठेवतो. इकेमच्या वहीत विसाव्या-एकविसाव्या शतकातली दहा वर्षे कोरी आहेत. ती पाने हरवलेली नाहीत. त्यांचा हिशेब लेखाच्या शेवटी दिला आहे.

पूर्वपीठिका : १५९३ ते १७८४

मध्ययुगात हा सगळा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता. १४५३ मध्ये तो फ्रेंच राजसत्तेकडे आला. पुढे १५९३ मध्ये जाक सोवाज या स्थानिक प्रतिष्ठिताने राजाकडून इकेमच्या जमिनीचा कौल मिळवला. संस्थेची स्थापना याच वर्षापासून धरण्याचा प्रघात आहे. सोवाज घराण्याने हळूहळू आजूबाजूचे तुकडे जोडले, गढी वाढवली, वेली लावल्या. १७११ मध्ये लेओं द सोवाज यांच्या काळात जमीन पूर्ण मालकीची झाली.

जागेची निवड किती अचूक होती, हे पुढच्या पिढ्यांना कळले. सोतेर्नच्या शिवाराजवळून सिरों नावाची लहान नदी वाहते. दाट झाडीतून येणारे तिचे पाणी थंड असते आणि ती जिला मिळते त्या गारोनचे पाणी त्या मानाने कोमट. शरद ऋतूत या दोन पाण्यांच्या भेटीतून पहाटे धुके उठते आणि टेकड्यांवर चढते. दुपारी ऊन पडते, वारा सुटतो, बाग कोरडी होते. या ओल्या-कोरड्या हवेत 'बोट्रायटिस सिनेरिया' ही बुरशी पिकलेल्या मण्यावर बसते.

आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला धुके म्हटले की धडकी भरते, आणि इथेही ही बुरशी अवेळी, सततच्या पावसात आली तर घड कुजवून टाकते. पण मणी पूर्ण पिकल्यावर आली आणि दुपारचे ऊन लाभले, तर ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, मण्यातले पाणी उडून जाते, साखर आणि आम्लता दाट होते आणि मूळ द्राक्षात नसलेले सुवास तयार होतात. फ्रेंच लोक तिला कौतुकाने उमदी कूज म्हणतात. इकेमचा सगळा व्यवहार या कुजीच्या भरवशावर चालतो.

१७८० आणि १७९०ची दशके : नवे नाते, कठीण काळ

१७८५ मध्ये फ्रांस्वाज-जोसेफीन द सोवाज दीकेम यांचा विवाह काउंट लुई-आमेदे द लूर-सालूस यांच्याशी झाला. लुई-आमेदे हे राजा पंधराव्या लुईचे धर्मपुत्र. या विवाहाने इकेम लूर-सालूस घराण्यात आले आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे तिथेच राहिले.

इकेमची कीर्ती तेव्हाच समुद्रापार पोहोचू लागली होती. अमेरिकेचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दो परिसरात आले आणि त्यांनी १७८४ सालच्या इकेमच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढे १७९० मध्ये त्यांनी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठी तीस डझन आणि स्वतःसाठी दहा डझन बाटल्यांची मागणी नोंदवली.

घरावर मात्र याच काळात आघात झाला. विवाहाला तीन वर्षे होतात न होतात तोच लुई-आमेदे घोड्यावरून पडून गेले. फ्रांस्वाज-जोसेफीन तेव्हा ऐन विशीत होत्या. वर्षभरात राज्यक्रांती झाली. सरदार घराण्यातली एकटी विधवा आणि पदरी मोठी मालमत्ता, हे त्या दिवसांत सुरक्षित नव्हते. त्यांना दोनदा तुरुंगात जावे लागले. सुटून आल्यावर त्यांनी बाग पुन्हा हाती घेतली. जमीन विकली नाही, तुकडे पडू दिले नाहीत.

१८२०चे दशक : कोठार उभे राहिले

फ्रांस्वाज-जोसेफीन यांनी साठेक वर्षे कारभार पाहिला. पिकलेले आणि बुरशी धरलेले मणी निवडून घेण्यासाठी त्याच बागेतून पुन्हा पुन्हा तोडणी करण्याची पद्धत त्यांच्या काळात पक्की झाली, असे मानले जाते. त्यांचे सर्वांत दृश्य काम म्हणजे १८२६ चे कोठार. इथली वाइन पिंपात लवकर तयार होत नाही, तिला वर्षे लागतात. ती पिंपे स्वतःच्या जागेत, स्वतःच्या देखरेखीखाली ठेवायची, तर पक्के कोठार हवे. एवढा खर्च करून फक्त वाइन मुरवण्यासाठी इमारत बांधणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

त्यांचा मुलगा त्यांच्या हयातीतच गेला. १८५१ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा बाग नातवाच्या, रोमें-बेरत्रां यांच्या हाती गेली. संस्थेच्या चार शतकांत सर्वांत निर्णायक कारकीर्द कोणाची, असे विचारले तर उत्तर याच बाईंचे नाव असेल.

१८५० आणि १८६०ची दशके : मानसन्मान

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइनची प्रतवारी तयार केली. आधार होता अनेक वर्षांच्या बाजारभावाचा. सोतेर्न-बार्साक भागातल्या गोड वाइनच्या यादीत प्रथम श्रेणी आणि द्वितीय श्रेणी असे वर्ग केले गेले. इकेमसाठी मात्र प्रथम श्रेणीच्याही वर एक वेगळा वर्ग करावा लागला : 'प्रमिए क्रू स्युपेरियर', म्हणजे श्रेष्ठ प्रथम श्रेणी. त्या वर्गात नाव एकच होते, आजही एकच आहे.

चार वर्षांनी, १८५९ मध्ये, रशियाच्या झारचे भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइन यांनी १८४७ सालच्या इकेमचे एक माप, म्हणजे चार पिंपे किंवा सुमारे ९०० लिटर, वीस हजार सोन्याच्या फ्रँकला घेतले. त्या काळी हा आकडा ऐकून सारे बोर्दो थक्क झाले होते.

मानसन्मानाच्या जोडीने मातीतले कामही चालू होते. टेकडीच्या वरच्या थरात गोटे आणि वाळू, खाली चिकणमाती. चिकणमाती उन्हाळ्यात ओल धरून ठेवते ही जमेची बाजू, पण पावसाळी वर्षी पाणी साचते आणि मुळे गुदमरतात. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात बागेखाली निचऱ्याचे भाजक्या मातीचे नळ घातले गेले. त्यांची एकूण लांबी सुमारे १०० किलोमीटर भरते. ते खोदणाऱ्या मजुरांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांनी घातलेले नळ अजून पाणी वाहून नेतात.

१८७० ते १९१८ : रोग, कीड आणि युद्ध

शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर एकामागून एक संकटे आली. आधी भुरी आली, मग मुळे खाणारा फायलोक्सेरा, पाठोपाठ केवडा. भुरीवर गंधक आणि केवड्यावर मोरचूद-चुन्याचे बोर्दो मिश्रण लागू पडले. हे मिश्रण याच परगण्यात निघाले आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक बागायतदाराच्या घरी त्याच नावाने पोहोचले. फायलोक्सेरावर फवारणी चालेना. अमेरिकन जातीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हाच टिकाऊ उपाय ठरला. आपल्याकडे क्षार आणि पाणीटंचाई सोसावी म्हणून डॉगरिज खुंटावर कलमे करतात, त्याची मूळ कल्पना हीच. इकेमसह बोर्दोच्या बागा या मार्गाने पुन्हा उभ्या राहिल्या.

१९१० आणि १९१५ मध्ये इकेमच्या नावाने वाइन निघाली नाही. पहिल्या महायुद्धात गढीत लष्करी रुग्णालय होते. बागेत माणसे कमी, घोडे कमी. तरीही छाटणी थांबली नाही, याचे श्रेय मागे राहिलेल्या स्त्रियांना आणि वयस्कांना द्यायला हवे.

१९२० आणि १९३०ची दशके : नावाचे रक्षण

युद्धानंतर मार्की बेरत्रां द लूर-सालूस यांनी सूत्रे घेतली आणि १९६८ पर्यंत सांभाळली. १९२१ सालची इकेम त्यांच्या काळातली. विसाव्या शतकातल्या थोर वर्षांत ती आजही पहिल्या रांगेत धरतात.

त्यांचे काम स्वतःच्या बागेपुरते नव्हते. बोर्दोच्या गिरोंद परगण्यातल्या श्रेणीप्राप्त बागांच्या संघटनेचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. रसात बाहेरून साखर घालून गोडी वाढवण्याला त्यांचा ठाम विरोध होता. सोतेर्न हे नाव कोणत्या गावांनी, कोणत्या द्राक्षांतून आणि किती उताऱ्यापर्यंत वापरायचे, याचे नियम १९३६ मध्ये कायद्याने ठरले. सोतेर्न, बोम, फार्ग, प्रेन्याक आणि बार्साक या पाच गावांबाहेरची वाइन त्या नावाने विकायला बंदी आली. त्या झगड्यात इकेमचे वजन उपयोगी पडले.

१९५० आणि १९६०ची दशके

दुसऱ्या महायुद्धानंतरची ही वीस वर्षे चढ-उतारांची होती. १९५१, १९५२ आणि १९६४ ही वर्षे हातची गेली. १९५९ मध्ये एक नवा उपक्रम सुरू झाला. इकेमच्या बागेतल्याच द्राक्षांपासून कोरडी वाइन काढून तिला एका अक्षराचे नाव दिले गेले : 'इग्रेक', म्हणजे फ्रेंच वर्णमालेतला 'वाय', इकेमच्या नावातले पहिले अक्षर. प्रारंभी ती अधूनमधून निघे, २००४ पासून दरवर्षी निघते.

१९७०चे दशक : परीक्षेचा काळ

१९६८ मध्ये बेरत्रां यांच्यानंतर त्यांचे पुतणे आलेक्सांद्र द लूर-सालूस आले. त्यांच्या वाट्याला आला तो गोड वाइनचा पडता काळ. लोकांची आवड बदलली होती, भाव उतरले होते, सोतेर्नमधल्या अनेक बागांना खर्च भागवणे अवघड झाले होते.

अशात १९७२ चा हंगाम आला. तोडणीची माणसे त्या वर्षी एकूण अकरा वेळा बागेत शिरली. पहिल्या फेरीपासून अखेरच्या फेरीपर्यंत ७१ दिवस गेले. रस निघाला, पिंपांत भरला, मुरायला ठेवला. मग चव घेतली गेली आणि निर्णय झाला की यातले काहीही इकेमच्या नावाने बाटलीत जाणार नाही. एवढ्या मजुरीचा हिशेब समोर असताना आणि बाजार मंद असताना हा निर्णय घेतला गेला. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागला. अशा वर्षीची वाइन घाऊक व्यापाऱ्याला बेनामी विकली जाते. तिच्यावर बागेचे नाव नसते आणि तिला भावही त्या नावाचा मिळत नाही.

१९८० आणि १९९०ची दशके : विस्तार आणि स्थित्यंतर

१९८०च्या दशकात बाजार सावरला. १९८८, १९८९ आणि १९९० अशी तीन उत्तम वर्षे लागोपाठ आली. कोठाराच्या सोयी वाढल्या. १९९८ मध्ये सांद्रीन गारबे कोठारप्रमुख झाल्या आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ती जबाबदारी पेलली. जिथे एका बाईने कोठार बांधले, तिथे पावणेदोनशे वर्षांनी एका बाईच्या हाती त्याच्या किल्ल्या आल्या.

याच दशकात मालकीत बदल झाला. चार शतकांच्या वारशात भागधारकांची संख्या बरीच वाढली होती. १९९६ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच उद्योगसमूहाने कुटुंबातल्या अनेकांचे हिस्से घेतले. पुढच्या काळात काही मतभिन्नता झाली, काही गोष्टी न्यायालयातही गेल्या. १९९९ मध्ये सगळे सामोपचाराने मिटले. तो तपशील इथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. सांगण्यासारखी गोष्ट ही की, आलेक्सांद्र त्यानंतरही २००४ पर्यंत कारभार पाहत राहिले आणि हंगाम एकदाही खोळंबला नाही. निवृत्तीनंतर ते घराण्याच्या शेजारच्या फार्ग गावातल्या बागेकडे वळले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००४ नंतर

पिएर ल्युर्तों यांच्याकडे व्यवस्थापन आले. २००१ ची वाइन बाजारात आल्यावर जगभरच्या जाणकारांनी तिला डोक्यावर घेतले. २०११ मध्ये १८११ सालच्या इकेमची एक बाटली लंडनमध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली. पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीला तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हंगाम नीट न साधल्यामुळे वाइन काढायची नाही असे व्यवस्थापनाने जाहीर केले. मालक बदलले, शिरस्ता बदलला नाही, याची खात्री त्या दिवशी पटली. अलीकडच्या वर्षांत बाग सेंद्रिय पद्धतीकडे वळली असून लोरेन्झो पास्किनी यांच्यासारखी नव्या पिढीची मंडळी कामात आहेत.

आजचे काम

आज साधारण शंभर हेक्टरची बाग उत्पादनात आहे. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक वेली सेमियों जातीच्या आहेत आणि उरलेल्या सोव्हिन्यों ब्लांच्या. सेमियोंची साल पातळ, त्यामुळे ती बुरशी चटकन धरते आणि वाइनला अंग देते. सोव्हिन्यों सुवास आणि तजेला आणते. छाटणी, बांधणी, पाने विरळ करणे ही वर्षभराची कामे कायमच्या कामगारांकडे असतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे आणि ठरावीक वेली ठरावीक हातांकडे सोपवलेल्या असतात. कोणता वेल कोणत्या वर्षी कसा वागला, हे त्यांना तोंडपाठ असते.

तोडणी सप्टेंबरमध्ये लागते आणि कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबते. सकाळचे धुके ओसरले, मणी कोरडे झाले की दीडशेच्या आसपास माणसे लहान कात्र्या घेऊन ओळींत उतरतात. एकाच घडात तीन अवस्थांचे मणी असतात. काही अजून सोनेरी आणि टपोरे, काही तपकिरी पण फुगलेले, काही पूर्ण सुकून बेदाण्यासारखे चुरमुडलेले. या शेवटच्या मण्याला इथे 'भाजलेला' म्हणतात. त्यावर राखेसारखी बुरशीची लव असते. नवख्याला हा घड फेकून द्यावासा वाटेल. तोडणारा नेमका तेवढाच भाग कातरतो, नाकाशी धरून आंबूस वास येत नाही ना हे पाहतो आणि उरलेला घड वेलीवर तसाच सोडतो. त्याच्यासाठी पुन्हा यायचे. सरासरी पाच-सहा फेऱ्या होतात. मध्येच पाऊस लागला तर तोडणी थांबते आणि सगळे वाट पाहत बसतात.

तोडलेला माल त्याच दिवशी दाबयंत्रात जातो. साधारणपणे पहिल्या दाबाचा रस उत्तम मानतात. इथे उलट आहे : सुकलेल्या मण्यातला दाट, गोड रस सावकाश सुटतो, म्हणून नंतरच्या दाबाचा रस अधिक गोड निघतो. प्रत्येक दिवसाचा रस वेगळ्या ओकच्या पिंपांत आंबवला जातो. त्यात साखर इतकी असते की यीस्टला ती सगळी संपवता येत नाही. मद्यांश साडेतेरा-चौदा टक्क्यांपर्यंत चढला की आंबणे मंदावून थांबते आणि लिटरला सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर शिल्लक राहते. ही वाइनची गोडी. बाहेरून त्यात काहीही घातलेले नसते.

पुढे पिंपांतला मुक्काम. पूर्वी तो तीन वर्षांहून अधिक असे, आता दोन वर्षांच्या आसपास असतो. पिंपे वारंवार भरून काढावी लागतात, ठरावीक काळाने गाळावरून निवळ काढावी लागते. अखेरीस सगळ्या दिवसांच्या वाइनची चव घेऊन मिश्रण ठरते, आणि त्या वेळी बरीच पिंपे बाद होतात. उतारा हेक्टरी सुमारे ९०० लिटर, म्हणजे बोर्दोच्या तांबड्या वाइनच्या बागेचा पाचवा हिस्सा. इकेममध्ये हा हिशेब सोप्या भाषेत सांगतात : एका वेलीला एक पेला.

ऋणनिर्देश आणि एक यादी

चार शतकांच्या या वाटचालीत सोवाज आणि लूर-सालूस घराणी, त्यांचे कारभारी, कोठारातली मंडळी, छाटणीच्या बायका, दरवर्षी येणारे तोडणीचे मजूर आणि नळ खोदणारे अनाम हात, या सगळ्यांचा वाटा आहे.

स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी देण्याची रीत आहे. त्या जागी इकेमने वाइन काढली नाही ती वर्षे देत आहोत : १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२. या दहा सालांची इकेम कोणी विकायला आणली, तर ती खोटी आहे असे समजावे.